गुरुवारचं वजन

माझ्या बहिणीचं ड्राय वेट पन्नास किलो होतं. डायलिसिसवरच्या माणसाच्या घरात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. अंगात जास्तीचं पाणी नसताना जे भरतं ते ड्राय वेट. किडनी काम करत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं आणि चार तास मशीनवर झोपून ते काढावं लागतं. मशीनवर जाण्याआधी एकदा काटा, उतरल्यावर एकदा काटा. त्रेपन्न आणि पन्नास. चोपन्न आणि एक्कावन्न. चार वर्षं मी हे आकडे बघून लिहिले आणि त्यानंतर चार महिने न बघता लिहिले. सांगायचं आहे ते या चार महिन्यांचं.

हिंगोली जिल्ह्यात, वारंगा फाट्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. मागे दोन खोल्या, तिथंच आम्ही राहतो. नवऱ्याचं पंक्चरचं दुकान रस्त्यापलीकडे, माझ्या मशीनवरून दिसतं. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आजार कळल्यावर सासरच्यांनी तिला 'थोडे दिवस' म्हणून आणून सोडलं. आई-वडील नव्हते, तेव्हा तिचं माहेर म्हणजे मी. ती आली तेव्हा हातात कपड्यांची एक पिशवी होती आणि रिपोर्टांची एक फाईल. फाईल जास्त जड होती.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी नांदेडला जायचो. दुपारी परत. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्यातून तीन वेळा करा. बहीण म्हणाली, "अक्का, तीनदा ह्या गाडीत हाडं मोडून घेण्यापरीस मी दोनदाच जाते. पाणी कमी पिते." मला लग्नसराईचे ब्लाऊज होते. मी म्हणाले, बरं. आम्ही दोनवर भागवलं. ते चार वर्षं भागलं.

पाणी मोजून देण्याचं काम माझं. अर्ध्या लिटरची एक बाटली, दिवसाला तेवढीच. त्यातच चहा, त्यातच गोळ्या. क्षार निघून जावेत म्हणून बटाटा कापून भिजवायचा, उकळायचा, ते पाणी फेकायचं आणि मग भाजी करायची. केळी नाही, नारळपाणी नाही, डाळ पातळ. बहीण चोरून खायची. एकदा नांदेडच्या स्टँडवर मी तिकिटाच्या रांगेत उभी असताना तिनं टरबुजाच्या दोन फोडी खाल्ल्या आणि तोंड पुसून बसली.

"एवढुसं तर खाल्लं, अक्का."

"मला कशाला सांगतीस? काट्याला सांग."

"काटा तुझाच भाऊ हाय. दोघं मिळून मला मारताव."

आजूबाजूची माणसं हसली. तीही हसली. तिचं हसणं मोठं होतं. नर्स लांबूनच ओळखायच्या.

नांदेडच्या दवाखान्यातच एका बाईनं मला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये घातलं. डायलिसिसच्या पेशंटांचे नातेवाईक, सगळ्या महाराष्ट्रातले. ग्रुप चालवणारे जालन्याकडचे एक निवृत्त मास्तर होते, स्वतः डायलिसिसवर. त्यांनी नियम लिहून ठेवले होते. सुप्रभातची फुलं टाकायची नाहीत. जडीबुटीच्या जाहिराती टाकायच्या नाहीत. आणि दुःखद बातमी ग्रुपवर टाकायची नाही. ज्याचा पेशंट जाईल त्यानं मास्तरांना एकट्याला कळवायचं. मास्तर तीन दिवस थांबायचे आणि त्याला ग्रुपमधून काढायचे. नवीन आलेली माणसं आधीच घाबरलेली असतात, त्यांना ते दिसू नये म्हणून. मला तो नियम पटला होता. चार वर्षांत कितीतरी माणसं अशी गुपचूप गेली. आपण समजून घ्यायचं आणि पुढचं बोलायचं.

त्या ग्रुपमधली एक बाई माझी मैत्रीण झाली. नाशिककडच्या एका खेड्यातली, माझ्याहून लहान. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, आता मशीनवर. ती नवीन आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "पाणी मागतात तेव्हा काय करायचं? मला नाही म्हणवत नाही." मी लिहिलं, "नाही म्हणू नका. बर्फाचा खडा द्या, चोखायला वेळ लागतो." तिथून सुरू झालं. तिच्या नवऱ्याचा नंबर मंगळवार, गुरुवार, शनिवार. ती मला 'आधी-नंतर' पाठवायची, मी तिला पाठवायचे. गुरुवारी दोघींचेही आकडे असायचे. आम्ही कधी भेटलो नाही, फोनवरही बोललो नाही. तिकडे तिच्या नवऱ्याला माझ्या बहिणीची सगळी खबर असायची. "हिंगोलीच्या ताईंच्या बहिणीचं किती आलं?" असं तो मशीनवरूनच विचारायचा म्हणे. दोघांची जणू शर्यत होती, पाणी कोण कमी पितं याची.

गणपती उठल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी मी बहिणीला चहा घेऊन गेले. अर्धा कप. तिच्या डाव्या हातात मशीनसाठी जोडलेली नस होती, ती सतत थरथरायची. रोज सकाळी तिच्यावर बोट ठेवून बघायचं, थरथर आहे म्हणजे नस चालू आहे, असं आम्हाला शिकवलेलं. मी सवयीनं बोट ठेवलं. थरथर नव्हती. मला वाटलं नस बंद पडली. आता नांदेडला जाऊन ती उघडावी लागेल, सोमवारची गाडी चुकेल, असा सगळा हिशेब मी उभ्या उभ्या केला. मग तिच्या तोंडाकडे बघितलं.

गुरुवार ते सोमवार मध्ये तीन दिवस जातात. पाणी साठतं, रक्तात क्षार साठतात, हृदय बंद पडतं. डॉक्टर तीन वेळा का म्हणाले होते ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी बाया येतात त्या दारातूनच रडत येतात. घरातल्या बाईनं उठायचं, गळ्यात पडायचं, गेलेल्या माणसाचे गुण म्हणत रडायचं. मग तोंड धुवायचं, चहा, आणि पुढची बाई. मला ते जमलं नाही. मी उठून त्यांना बसायला सतरंजी दिली. कुरुंद्याहून आलेली मामी सगळ्यांसमोर म्हणाली, "रड की माय! आमी एवढ्या लांबून काय नुसता चहा प्यायला आलो का?"

"रडू येऊन नाही राहिलं, मामी."

"दगड झालीस गं. चार वर्सं केलंस न् आता डोळ्यात पाणी न्हाई."

शेजारीण हळूच, पण मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सुटली असंल. जीव घेतला होता तिनं हिचा."

ते खोटं होतं, पण मी भांडले नाही. चहा संपला होता, मी आणखी टाकायला उठले.

सोमवारी दुपारी मैत्रिणीचा मेसेज आला. "ताई, आज किती?" मी बघितला आणि फोन उलटा ठेवला. मंगळवारी परत आला. "काल काही कळवलं नाहीत. सगळं बरं ना? आमचे हे सारखे विचारतायत." घरात तेव्हा तीन बाया बसलेल्या. मी फोन घेतला आणि लिहिलं, "५३ – ५०.५. नेटवर्क नव्हतं."

तिनं लगेच अंगठा पाठवला. "वा! यांना सांगते."

मी मोठं काही ठरवून केलं नाही. गुरुवार आला, तिनं तिचे आकडे पाठवले, मी माझे पाठवले. पुढच्या सोमवारी तिनं विचारायच्या आधीच मी पाठवले. आकडे बनवायला अवघड नव्हते. बहीण किती पाणी पिईल, कुठल्या सणाला काय चोरून खाईल, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. डिसेंबरात मी वजन जास्त लिहिलं आणि कळवलं, दोन चिकू खाल्ले, मी रागावले आहे. मैत्रिणीच्या नवऱ्यानं त्यावर निरोप पाठवला, की रागावू नका, एखादा चिकू चालतो.

ग्रुपवरही मी पूर्वीपेक्षा जास्त लिहायला लागले. कुणी विचारलं की मशीनवर पायात गोळे येतात, कुणी विचारलं की खाज सुटते, की मी दुकानातलं काम बाजूला ठेवून उत्तर द्यायचे. चार वर्षांत मी जे शिकले ते फाट्यावर कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. बटाट्याचं पाणी दोनदा फेकायचं हे इथं कुणाला सांगणार? तिकडं लोक विचारत होते, आणि मी सांगितल्यावर त्यांचं काम होत होतं. मास्तरांना कळवलं असतं तर तिसऱ्या दिवशी मी बाहेर. हा नियम मला पटलेला होता, मला ठेवा असं म्हणता आलं नसतं. म्हणून मी कळवलं नाही.

नवऱ्याला एक दिवस दिसलं. तो दुपारी जेवायला आला होता, मी ताटाजवळ फोन ठेवला होता. त्यानं वाकून बघितलं.

"बावन आठशे, पन्नास. हे काय हाय? मटका लावून राहिलीस का काय?"

त्यानं वरचेही आकडे वाचले. तो फार शिकलेला नाही, पण चार वर्षं हेच आकडे त्यानंही ऐकलेले. त्यानं घास खाली ठेवला.

"पोरीचं हाय हे?"

"हं."

त्यानं घास परत उचलला. मग म्हणाला, "वजन काही कमी होऊ दिलं न्हाईस तिचं." आणि जेवून, हात धुऊन दुकानावर गेला. त्यानंतर बरेच दिवस त्यानं हा विषय काढला नाही. मीही नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मैत्रिणीचा मोठा मेसेज आला. ती खुशीत होती.

"ताई, एक सांगायचं राहिलं. या आठवड्यापासून यांनी शनिवारचं बंद केलंय. आता मंगळवार-गुरुवार दोनच. डॉक्टर नको म्हणाले, पण यांनी ऐकलं नाही. म्हणाले, हिंगोलीच्या ताईंची बहीण चार वर्षं दोनवर आहे, वजन बघा तिचं कसं आटोक्यात आहे, मी काय तिच्यापेक्षा कमी आहे का? शनिवारी पुतण्याच्या साखरपुड्यालाही जाता येईल. तुमच्यामुळे धीर आला बघा."

मी बोटांवर मोजलं. गुरुवार ते मंगळवार. मध्ये चार दिवस.

समोर एका ब्लाऊजचा गळा अर्धा कापलेला होता. मी कात्री खाली ठेवली. मी लिहिलं, "असं करू नका. डॉक्टरांचं ऐका."

"तुम्हीच तर ऐकलं नव्हतं," तिनं लिहिलं आणि पुढं हसरा चेहरा.

त्या दिवशी मी आणखी दोनदा लिहिलं. एकदा लिहिलं की प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. एकदा लिहिलं की पुरुषांना जास्त त्रास होतो, जे मी मनानंच रचलं होतं. तिच्यावर कशाचाच परिणाम झाला नाही. कसा होणार? आठवड्यातून दोनदा तिला पुरावा मीच पाठवत होते.

संक्रांतीला सकाळी अंघोळ करून, नवरा दुकानावर गेल्यावर मी बसले आणि लिहिलं. खोडत बसले नाही, कारण खोडलं असतं तर पाठवलं नसतं.

"माझी बहीण गणपतीनंतर गेली. रविवारी. गुरुवारनंतर मशीन नव्हतं, सोमवारी होतं, त्याच्या मध्ये गेली. आम्हाला डॉक्टरांनी तीन सांगितले होते, आम्ही दोन केले. त्यानंतरची सगळी वजनं मी मनानं लिहिली. एकही खरं नाही. शनिवारी त्यांना मशीनवर न्या."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दिवसभर बाया वाण घेऊन येत राहिल्या, आमच्या घरी सण नव्हता तरी दारातून तिळगूळ देऊन जात राहिल्या. गुरुवारी तिच्या नवऱ्याचे आकडे यायला हवे होते. आले नाहीत.

गुरुवारी दुपारी दुकानात एक बाई ब्लाऊज घालून बघायला आली होती. मी तिच्या पाठीला टाचण्या लावत होते, तेव्हा फोन वाजला. मैत्रिणीचा नंबर. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जाड होता, शेतातून हाका मारणाऱ्या बाईचा असतो तसा.

"तू का नाही सांगितलंस मला?"

आजवर ती मला 'तुम्ही' म्हणत होती.

"ताई, बोल की! रोज तुझ्या बहिणीचा दाखला देऊन मी या माणसाला पाणी मोजून दिलं. ती पोरगी एवढं करते, तुम्हाला होत नाही का, म्हणून! आणि ती नव्हतीच? चार महिने? तू एकटीच बसून ते आकडे लिहीत होतीस?"

आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, अगदी दारातून येणाऱ्या बाया रडतात तशी, माझ्या बहिणीचे गुण म्हणत. टरबुजाचं म्हणाली, चिकूचं म्हणाली. बहिणीला तिनं कधी बघितलेलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं. मीच सांगितलेलं.

मग मीही रडले. किती वेळ ते सांगता येत नाही. भानावर आले तेव्हा पुढ्यातली बाई म्हणत होती, "मी उद्या येते बाई," आणि ती तशीच, ब्लाऊजवरून पदर घेऊन, पाठीत टाचण्या घेऊन निघाली होती. मी तिला हाक मारून परत बोलावलं आणि टाचण्या काढल्या. तोवर मैत्रीण फोन धरून होती.

"आता यांना कसं सांगू मी?" ती म्हणाली. "हे आत्ताच मशीनवरून आलेत. कालपासून मी तोंड उघडलं नाही."

"फोन दे त्यांना."

तो फोनवर आला. मी आधी कधी त्याच्याशी बोलले नव्हते. मी जे लिहिलं होतं तेच सांगितलं, त्यात काही वाढवलं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे ते चिकूचं?"

"ते मी लिहिलं."

"चांगल्या रागावला होतात तुम्ही तिच्यावर."

"जिवंत असती तर तिनं खाल्लेच असते."

"हं," तो म्हणाला. "मी तिच्या जोरावर चाललो होतो, ताई."

मी म्हणाले, "शनिवारी जा."

त्यानं फोन बायकोकडे दिला. बायको म्हणाली, साखरपुड्याला सगळे वाट बघतायत, थोरल्या जावेला काय सांगायचं ते तिला समजत नाही. मी म्हणाले, ते तुझं तू बघ. आणि ठेवला.

शुक्रवारी मी मास्तरांना फोन केला आणि त्यांनाही सगळं सांगितलं. वाटलं होतं बोलतील. ते म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत होता."

"होता. म्हणून फोन केला. काढा मला."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ज्यांनी कळवलं त्यांना मी काढलं, आणि जी माणसं शिकून तयार झाली ती सगळी त्यात गेली. उरलो कोण? सगळे नवीन आणि एक मी. आता मी गेल्यावर मला कोण काढणार, तेही लिहून ठेवायचं राहिलंय."

ते स्वतःच हसले. मी हसले नाही, पण बरं वाटलं.

त्यांनी मला राहू दिलं, एका अटीवर. माझ्या नावाखाली एक ओळ लिहायची आणि ती कधी काढायची नाही. 'बहिणीला चार वर्षं सांभाळलं. ती आता नाही.' मी तेव्हाच लिहिली. संध्याकाळी ग्रुपमधल्या दोन माणसांनी ग्रुप सोडला. एका नवीन पोरीनं, जिचा बाप महिन्यापासून मशीनवर होता, विचारलं, "कशामुळे गेल्या?" चार वर्षांत हा प्रश्न तिथं कुणी उघड विचारला नव्हता. मी उत्तर लिहिलं. दोन वेळा आणि तीन वेळा यात काय फरक असतो, मधले दिवस वाढले की काय होतं, आणि आम्ही काय केलं. तिनं लिहिलं, "आम्हीपण दोनच करतोय. उद्या विचारते डॉक्टरांना."

शनिवारी सकाळपासून मी फोन शिलाई मशीनच्या फळीवर समोर ठेवला. नवऱ्याला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं, तो दोनदा रस्ता ओलांडून उगाच येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "आला का आकडा?"

"न्हाई."

"साखरपुड्यात बसला असंल लाडू खात."

"गप बसा."

एक वाजला. मैत्रिणीच्या नवऱ्याचं मशीन अकराला संपतं. दोन वाजले. मी बाह्यांच्या कडा शिवत होते, एक बाही उलटी लागली, ती उसवली. साडेचारला फोन वाजला.

"६४.२ – ६१.५. उशिरा गेलो. साखरपुड्याला तोंड दाखवून गेलो."

तिनं खाली आणखी लिहिलं होतं, नवऱ्याच्या सांगण्यावरून असावं: "यांनी तिथं काही खाल्लं नाही. सरबत घेतलं, पण अर्धाच ग्लास."

मी हात पुसले, रस्त्यापलीकडे नवऱ्याला मान हलवून खूण केली आणि उत्तर लिहिलं.

"सरबत बाटलीतल्या पाण्यात धर. आज रात्री तेवढं कमी दे."